पुण्यात समुद्र कसा आला? : 'फ्लाइटगिअर'ची शैक्षणिक चिकित्सा

विज्ञान शिकवण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा करावा, असे शिक्षक विचारतात तेव्हा त्यांना सुचवल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांमध्ये 'फ्लाइटगिअर' हे नाव हमखास असते. विमान चालवण्याचा आभास पडद्यावर निर्माण करणारी ही आज्ञावली आहे. १९९६ साली डेव्हिड मर यांनी ती बनवण्याचा प्रस्ताव मांडला आणि १९९७ पासून कर्टिस ओल्सन व त्यांचे सहकारी यांनी ती प्रत्यक्षात आणायला सुरुवात केली. सुरुवातीचे उड्डाणाचे गणित नासाच्या लँग्ली केंद्रातील 'लार्कसिम' या आज्ञावलीतून घेतलेले होते. पुढे 'जेएसबीसिम' आणि 'यासिम' ही दोन गणिते प्रामुख्याने वापरात आली. आज्ञावली मुक्त स्रोत आहे. ती फुकट मिळते, तिच्या हव्या तितक्या प्रती काढून शेजारच्या शाळेला दिल्या तरी कायदा मोडत नाही आणि तिच्या आत काय लिहिले आहे ते कोणालाही उघडून वाचता येते.

एवढे गुण असताना शाळांमधला अनुभव मात्र पुष्कळदा निराशेचा असतो. पहिल्या दिवशी पडदा काळा राहतो, दुसऱ्या दिवशी विमान जागचे हलत नाही, तिसऱ्या दिवशी ते धावपट्टी सोडून गवतात शिरते. मग 'फुकटची वस्तू अशीच असायची' असे म्हणून ती बाजूला पडते. आमचे मत थोडे वेगळे आहे. या अडचणींपैकी बऱ्याचशा आज्ञावलीचे दोष नसून भूगोलाचे व भौतिकशास्त्राचे पाठ आहेत. पण काही खरेच दोष आहेत आणि त्यांतला एक विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने गंभीर आहे. कोणती अडचण कोणत्या प्रकारातली हे आज्ञावली स्वतः सांगत नाही. ते काम शिक्षकावर पडते. म्हणून येथे अडचणींची छाननी करूनच या आज्ञावलीचे मोल ठरवायचे आम्ही योजले आहे.

संगणकाच्या अडचणी

सगळ्यांत आधी यंत्राच्या अडचणी बाजूला काढाव्यात. फ्लाइटगिअर सुरू होताच बंद पडत असेल, तर बहुधा चित्रे काढणाऱ्या भागाचा ड्रायव्हर तपासावा लागतो. विंडोजबरोबर येणारा सर्वसाधारण ड्रायव्हर 'ओपन-जीएल' या चित्रप्रणालीची फार जुनी पातळीच जाणतो. संगणकाच्या अथवा चित्र-कार्डाच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर बसवला की ही अडचण अनेकदा सुटते. तरीही बंद पडत असेल, तर आज्ञावली आपल्या कामाची जी नोंद 'लॉग' नावाच्या फाइलमध्ये ठेवते तिच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात.

चित्र अडखळत पुढे सरकत असेल, तर दृश्यातील झाडे, ढग व चकचकाट कमी करावा. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्रे सेकंदाला दहाच येत असली तरी उड्डाणाचे गणित सेकंदाला १२० वेळा चालू असते. म्हणजे विमानाची चाल बिघडत नाही, पण चालवणाऱ्याला तिची बातमी उशिरा मिळते. बातमी उशिरा मिळाल्यामुळे तो गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो, मग उलट बाजूने आणखी जास्त, आणि विमान वर-खाली हेलकावे खाऊ लागते. 'विमान स्थिर नाही' ही तक्रार अशी मंद संगणकामुळे येऊ शकते. गरम पाण्याचा नळ उघडल्यावर ऊन पाणी उशिरा येते, तेव्हा आपण नळ जास्त फिरवून बसतो. तोच हा प्रकार.

काळा पडदा आणि एका बाजूला कललेले विमान

आज्ञावली नीट सुरू झाली, पण पडदा जवळजवळ काळा आहे. येथे ड्रायव्हरला दोष देण्यापूर्वी विमान कोठे उभे आहे ते पाहावे. समजा, सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ निवडला आहे आणि आपल्याकडे सकाळचे ११ वाजले आहेत. तिथे त्या वेळी आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ किंवा, उन्हाळी वेळ चालू असल्यास, साडेदहा वाजलेले असतात. फ्लाइटगिअर मुळात खरे घड्याळ पाळते. म्हणून तिथे रात्र दिसते. वेळ 'दुपार' अशी निवडली की उजेड पडतो. ही अडचण विद्यार्थ्यांसमोर आली तर ती चटकन दूर करू नये, असे आम्ही सुचवू. रेखांशावरून स्थानिक वेळ काढण्याचे उदाहरण इतक्या सहजपणे पुन्हा समोर येणार नाही.

इंजिन सुरू होत नाही, ही तक्रार बहुधा सेसना १७२पी या चार आसनी विमानाबाबत येते. शिकणाऱ्याने सुरुवात याच विमानाने करावी, कारण त्याची रचना काळजीपूर्वक केलेली आहे. पण ती काळजीच नवख्याला नडते. खऱ्या विमानाप्रमाणे मुख्य विजेचे बटण, इंधनाची तोटी, हवा व इंधन यांचे प्रमाण ठरवणारी लाल मुठीची दांडी आणि ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो हे सर्व जागेवर असल्यावाचून 'एस' ही कळ दाबून धरली तरी इंजिन पेटत नाही. मेनूमध्ये आपोआप सुरू करण्याची सोय आहे. पहिल्या तासाला ती जरूर वापरावी. इंजिन चालू असूनही विमान हलत नसेल, तर उभे करण्याचा ब्रेक लागलेला असतो. तो शिफ्ट व 'बी' या कळांनी सुटतो.

जॉयस्टिक नसली की आणखी एक गोंधळ होतो. बाणाची डावी कळ एकदा दाबली की विमान डावीकडे कलते आणि कळ सोडली तरी कलतच राहते. जॉयस्टिक सोडली की ती स्प्रिंगमुळे मध्यावर येते. कळेला अशी स्प्रिंग नसते. आपण दिलेला हुकूम तसाच शिल्लक राहतो. तो रद्द करण्यासाठी कळफलकाच्या उजवीकडच्या अंकांपैकी ५ ही कळ दाबावी लागते. लहान लॅपटॉपवर हे अंकच नसतात. तिथे टॅब कळ दाबून माउसला नियंत्रणाचे काम देणे सोयीचे पडते. शाळेला परवडत असेल तर एखादी साधी जॉयस्टिक घ्यावी. चार संगणकांवर कळफलकाशी झुंजण्यापेक्षा एका संगणकावर जॉयस्टिक असलेली बरी.

जिथे विमान बरोबर असते

आता खऱ्या उड्डाणाच्या अडचणी. पूर्ण शक्ती दिली की सेसना डावीकडे वळू लागते. जॉयस्टिक बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात एक प्रॉपेलर असलेल्या बहुतेक विमानांचा हा स्वभाव आहे. चालकाच्या आसनावरून पाहिले तर हा प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा मळसूत्रासारखी फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, शेपटी उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे येते. शिवाय प्रॉपेलर फिरवल्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहते. उपाय एकच, सुकाणूने उजवीकडे वळवत राहणे.

पण हे कारण सांगून मोकळे होऊ नये. डावीकडून येणारा आडवा वारादेखील विमानाचे नाक डावीकडे वळवतो. कारण कोणते, हे ठरवायचे कसे? वारा शून्य करून पुन्हा धावावे. तरीही वळते का? मग अर्धी शक्ती देऊन पाहावे. वळणे कमी झाले का? शेवटी जॉयस्टिक काढून केवळ कळफलकावर पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगशाळेतली शिस्त येथे अर्ध्या तासात अंगवळणी पडते. खऱ्या विमानात हे कोणालाही करता येणार नाही. या बाबतीत फ्लाइटगिअरला आम्ही पूर्ण गुण देऊ.

उंचीमापकाचेही असेच आहे. पुण्याच्या धावपट्टीवर विमान उभे असताना तो १,९०० फुटांहून अधिक उंची दाखवतो. मुले म्हणतात, 'विमान तर जमिनीवर आहे!' उंचीमापक हा खरे तर वायुभारमापक आहे आणि तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. आता विमान मुंबईला नेऊन हवामान 'प्रत्यक्षातील' असे निवडावे. पावसाळ्यात तिथला वायुभार १,००५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. उंचीमापक मात्र प्रमाण मानलेल्या १,०१३ वर लावलेला असेल, तर समुद्रकाठच्या धावपट्टीवरही तो २०० फुटांहून थोडी अधिक उंची दाखवील. जमिनीलगत एका हेक्टोपास्कलला सुमारे ८ मीटर हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करता येतो. मापकावरची घुंडी फिरवून चूक दुरुस्तही करता येते.

खरा दोष

आता ज्याला आम्ही गंभीर म्हणतो त्या दोषाकडे येऊ. इंटरनेट नसलेल्या शाळेत विमानतळ म्हणून पुणे निवडावे. विमान उभे राहते, आणि चहूकडे क्षितिजापर्यंत निळे पाणी दिसते. सिंहगड नाही, मुळा-मुठा नाहीत, धावपट्टीही नाही. कारण साधे आहे. जगाचा भूप्रदेश फार मोठा असल्यामुळे तो आज्ञावलीबरोबर येत नाही. ज्या भागात विमान जाते तो भाग इंटरनेटवरून उतरवून घेतला जातो. जो भाग मिळाला नाही, तिथे फ्लाइटगिअर समुद्र भरते.

उपाय अवघड नाही. जिथे इंटरनेट आहे अशा संगणकावर पुण्याच्या परिसरात एकदा फेरी मारावी आणि उतरलेल्या भूप्रदेशाचा फोल्डर पेन-ड्राइव्हवर घालून शाळेत आणावा. पण आमचा आक्षेप गैरसोयीला नाही. 'माहिती नाही' आणि 'तिथे पाणी आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि आज्ञावली त्यांतले पहिले दुसऱ्यासारखे दाखवते. ज्या दिवशी पाऊस मोजलाच नाही त्या दिवसापुढे नोंदवहीत शून्य लिहू नये, रेघ ओढावी, हे आपण मुलांना शिकवतो. जुन्या नकाशांत अज्ञात प्रदेश कोरा ठेवण्याची रीत होती. येथे करड्या रंगाची कोरी जमीन दाखवणे सहज शक्य होते. पुण्याचा समुद्र निदान हसू तरी आणतो. पण ज्याने कधी पाहिला नाही अशा दूरच्या बेटाजवळ मुलाला पाणी दिसले, तर तो ते खरेच मानील.

हाच दोष अधिक खोल जागीही आहे आणि तिथे तो डोळ्यांना दिसत नाही. जेएसबीसिम या गणितात विमानाचे वागणे तक्त्यांत लिहिलेले असते: समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन इतका असेल, तर उत्थापक बलाचा गुणांक इतका. दोन ओळींच्या मधला आकडा गणित काढून घेते. पण तक्ता संपला की नेहमीच्या रीतीप्रमाणे शेवटचाच आकडा पुढे चालू राहतो. पंखाचा कोन फार वाढला की उत्थापक बल ढासळते, याला स्टॉल म्हणतात. त्यापलीकडे विमान गिरकी घेत खाली येऊ शकते. हे घडते तिथे अनेक विमानांचे तक्ते संपलेले असतात. पडद्यावर मात्र विमान पूर्वीइतक्याच ऐटीत दिसत राहते. 'येथून पुढे माझ्याजवळ मोजमाप नाही' अशी सूचना कोठेही येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे गणित तपासलेले आहे. ते खरे आहे. नासाने २०१५ मध्ये निरनिराळ्या उड्डाण-गणितांची एकमेकांशी ताडणी प्रसिद्ध केली, तीत जेएसबीसिमही होते. परंतु त्यातून हिशेब बरोबर होतो एवढे कळते. हिशेबात घातलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न आहे. थोडी मापे भरली की अंदाजी तक्ते तयार करून देणारे 'एरोमॅटिक' नावाचे साधन आहे आणि त्यावरून बनवलेली विमाने फ्लाइटगिअरमध्ये आहेत.

एका ठिकाणी मात्र या मंडळींनी प्रामाणिकपणा दाखवला आहे, तो नमूद केला पाहिजे. विमानांना उड्डाणाचे गणित, यंत्रणा, चालककक्ष आणि बाह्यरूप अशा चार बाबींसाठी ० ते ५ गुण देण्याची पद्धत त्यांनी ठेवली आहे आणि विमान निवडताना ते गुण दिसतात. शिक्षकाने यांतला पहिला गुण पाहावा, बाह्यरूपाचा नव्हे. मुले नेमके उलट करतात. जी पद्धत विमानांना लावली ती भूप्रदेशाला आणि तक्त्यांच्या मर्यादेला का लावू नये, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रयोग आहे का?

येथून पुढचा प्रश्न शिक्षकांसाठी महत्त्वाचा आहे. सिम्युलेटरवर मिळालेला आकडा विज्ञानाच्या वहीत 'निरीक्षण' म्हणून लिहावा का?

यासिम हे दुसरे गणित पाहा. त्यात विमान बनवणारा पंखांची व धडाची मापे देतो आणि त्याबरोबरच विमान सरळ उड्डाणात किती वेगाने जाते व उतरताना किती वेगाने येते तेही सांगतो. त्या वेगांना जुळतील असे गुणांक यासिम स्वतः काढते. आता एखाद्या मुलाने असे विमान उडवून त्याचा वेग मोजला आणि तो पुस्तकातल्या वेगाशी जुळला, तर त्याने काय सिद्ध केले? पुस्तकातला आकडा एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला, इतकेच.

सेसनावर वजन आणि स्टॉलचा वेग यांचा संबंध पाहता येतो. इंधन व सामान यांच्या चौकटीत वजन बदलता येते. उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. वजन १,०९० किलोग्रॅमवरून ८८० वर आणले तर तो सुमारे १० टक्क्यांनी कमी व्हायला हवा. साठ अंश कलून उंची न गमावता वळताना पंखांवरचा भार दुप्पट होतो, म्हणून तिथे तो वेग सुमारे १.४१ पट होतो. मुलांनी उत्तर आधी कागदावर काढावे, मग उडवून पाहावे. हा व्यायाम उत्तम आहे. मात्र तो सूत्राची उजळणी आहे, कारण तेच सूत्र आत बसवलेले आहे. हवा विमानाला का उचलते, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. संगणकात हवा नाहीच. हवेविषयी कोणी तरी कोठे तरी केलेल्या मोजमापांचे आकडे आहेत.

हे सांगून आज्ञावलीची किंमत कमी करण्याचा आमचा हेतू नाही. उलट येथेच मुक्त स्रोताचा खरा उपयोग होतो. ज्या सिम्युलेटरचे अंतरंग बंद असते त्यात आकडा कोठून आला हे विचारताच येत नाही. फ्लाइटगिअरमध्ये विमानाची फाइल साध्या मजकुराची असते. पंखाचे क्षेत्रफळ, वजन, तक्ते हे सर्व त्यात वाचता येते, प्रत काढून बदलताही येते. चालू उड्डाणात आतल्या राशी दाखवणारी एक चौकटही मेनूमध्ये आहे. उंचीमापक काय दाखवतो आणि गणितानुसार विमान खरोखर किती उंचीवर आहे, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहता येतात. खऱ्या वैमानिकाला ही सोय नसते. मापन आणि मापली जाणारी राशी यांतला फरक दाखवणारे याहून चांगले साधन शाळेच्या आवाक्यात आम्हांला माहीत नाही.

शाळेत सुरुवात कशी करावी

पहिला तास शिक्षकाने एकट्याने घालवावा. सेसना १७२पी, दुपारची वेळ, निरभ्र आकाश, वारा शून्य, दृश्याचा तपशील कमी, आपोआप इंजिन सुरू, एवढेच ठेवावे. एलेरॉन आणि सुकाणू एकत्र चालवण्याची सोय आज्ञावलीत आहे. कळफलकावर उडवताना ती सुरू करावी, डावीकडे वळण्याचा पाठ घेताना बंद करावी. दुसऱ्या तासाला दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन नुसते सरळ उडावे, उतरण्याचा हट्ट धरू नये. आपल्या भागाचा भूप्रदेश आधी आणून ठेवावा. सोबतची पुस्तिका सविस्तर आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्यासाठी लिहिलेली आहे, शिक्षकासाठी नव्हे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यातील सुरुवातीच्या प्रकरणांचा मराठी सारांश केला तर तो अनेक शाळांना उपयोगी पडेल.

प्रत्येक अडचण वहीत लिहावी. पहिल्या रकान्यात काय दिसले, दुसऱ्यात आपला अंदाज, तिसऱ्यात तो तपासण्यासाठी कोणती एकच गोष्ट बदलली, चौथ्यात निकाल: संगणक, मांडणी, हवेचा नियम, की आज्ञावलीचे अज्ञान. चौथ्या रकान्यात 'ठरवता आले नाही' असे लिहिण्याची मुभा असावी.

आणि त्याच आठवड्यात पुठ्ठ्याचे एक हातविमान करून शाळेच्या मैदानात सोडावे. नाकाला लावलेली टाचणी पुढे-मागे सरकवली की ते सूर मारते किंवा नाक वर करून थबकते आणि पडते. त्याला गुण दिलेले नाहीत, तक्ता नाही आणि ते कोठेही खोटा समुद्र दाखवत नाही. पडद्यावरच्या विमानाचा ज्या मुलांनी या विमानाशी ताळा घातला, त्यांच्या हातात फ्लाइटगिअर निर्धास्तपणे द्यावे. नुसते एकटे दिले, तर ते एक सुंदर दिसणारा खेळ होऊन राहील, आणि तसे खेळ मुलांजवळ पुष्कळ आहेत.